ए-क्लास कॅटमरानचे नवे शीड: माथ्याची रुंदी ठरवण्याआधी डोलकाठीचा बाक मोजावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण सिडनीच्या बॉटनी बेमध्ये जुन्या पद्धतीची, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर पाण्याबाहेर न उचलली जाणारी, ए-क्लास कॅटमरान (दोन हलांची, म्हणजे दोन अरुंद देहांची, एकट्याने चालवायची शर्यतीची नौका) चालवता. गेल्या हंगामात मूळची डोलकाठी मोडली आणि तिच्या जागी दुसऱ्या कारखान्याची, अधिक ताठ अशी वापरलेली कार्बनची डोलकाठी आली. शीड नऊ वर्षांचे झाले आहे, आणि नव्या डोलकाठीवर ते १४-१५ नॉटच्या वाऱ्यापुढे फार जड लागते, कितीही ताणले तरी सपाट होत नाही. आपले वजन ९२ किलो आहे. शीड शिवणाऱ्यांनी आपल्यापुढे तीन आकार ठेवले आहेत: अरुंद माथ्याचे उंच शीड, रुंद चौकोनी माथ्याचे शीड, आणि खालची कड थेट ट्रॅम्पोलिनला, म्हणजे दोन हलांमध्ये ताणलेल्या जाळीला, टेकणारे डेकस्वीपर. यांपैकी कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: मध्यम रुंदीच्या माथ्याचे, नेहमीच्या उंचीवर बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) असलेले शीड घ्यावे. मात्र हा निर्णय सर्वांत शेवटी घ्यायचा आहे. आपल्या तक्रारीचे मूळ माथ्याच्या रुंदीत नाही, ते नव्या डोलकाठीच्या ताठपणात आहे, आणि ती गोष्ट मोजल्याशिवाय मागवलेले कोणत्याही आकाराचे शीड आपल्याला पुन्हा जडच लागण्याची शक्यता आहे. म्हणून या उत्तराचा मोठा भाग मी डोलकाठीला देणार आहे.

आकाराची निवड ए-क्लासमध्येच इतकी बोचते याचे कारण या वर्गाच्या नियमांत आहे. लांबी १८ फूट, म्हणजे ५.४९ मीटर, रुंदी २.३० मीटर, वजन किमान ७५ किलो, आणि डोलकाठी धरून शिडाचे एकूण क्षेत्रफळ जास्तीत जास्त १३.९४ चौरस मीटर, म्हणजे मूळचे १५० चौरस फूट. या चौकटीच्या आत शिडाला कोणता आकार द्यायचा याचे बरेच स्वातंत्र्य आहे. होबी १६ ही दुसऱ्या वर्गाची कॅटमरान चालवणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, कारण त्याला वर्गाचे ठरलेलेच शीड लावावे लागते. शिवाय ए-क्लासला पुढचे छोटे शीड नाही आणि वारा मागून असताना लावायचा फुगीर स्पिनेकरही नाही. जे काही बळ मिळवायचे ते या एकाच कापडातून. क्षेत्रफळ ठरलेले असल्यामुळे माथ्यावर जोडलेला प्रत्येक चौरस वीत खालून कुठून तरी कापून आणावा लागतो, हे आकारांची चित्रे पाहताना विसरू नये.

याच नियमातून निघणारी एक व्यावहारिक गोष्ट आपल्या बाबतीत महत्त्वाची आहे. डोलकाठीचे क्षेत्रफळ एकूण बेरजेत धरले जाते आणि ते एक चौरस मीटरहून अधिक भरते. आपली डोलकाठी आता बदललेली आहे, त्यामुळे तिचा घेर आणि उंची मोजमापाच्या जुन्या प्रमाणपत्राशी जुळेलच असे नाही. ती जाड असेल तर आपले सध्याचे शीडसुद्धा नियमापेक्षा थोडे मोठे ठरू शकते. नवे शीड मागवताना डोलकाठीचे स्वतंत्र मोजमाप करून तो आकडा शीड शिवणाऱ्याला द्यावा. जुन्या प्रमाणपत्रावरून नक्कल करून देऊ नये.

आता मूळ मुद्दा. शीड जमिनीवर पसरले की डोलकाठीला लागणारी त्याची पुढची कड, म्हणजे लफ, सरळ नसते. ती मध्ये बाहेर फुगलेली असते. या फुगवट्याला मी लफची कमान म्हणतो. सरळ काठीवर असे शीड चढवले तर कमानीतले जादा कापड मागे ढकलले जाते आणि शिडाला पोट येते. काठी वाकली की ती हे जादा कापड पुढे ओढून घेते आणि पोट कमी होते. शिवणींमध्ये दिलेला आकार पोट कुठे बसेल हे बऱ्याच अंशी ठरवतो, पण पोट किती खोल असेल हे काठीचा बाक आणि लफची कमान यांच्यातल्या फरकावर अवलंबून राहते. शिंप्याकडे भावाचे माप देऊन सदरा शिवून घ्यावा आणि तो आपल्या अंगावर बसेल अशी आशा धरावी, तसे इथे नेहमी घडते. कारण शीड शिवणाऱ्याच्या संगणकात जी काठी असते ती बहुधा त्याच्या ओळखीच्या, बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या काठीची प्रत असते.

हा फरक किती नाजूक असतो याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. शिडाच्या मध्यावर लफपासून मागच्या कडेपर्यंतचे सरळ अंतर १६० सेंटीमीटर आहे आणि आपल्याला तिथे ९ टक्के खोली हवी आहे असे धरा; म्हणजे पोट सुमारे साडेचौदा सेंटीमीटर खोल. पोटाचा आकार साधारण परवलयासारखा मानला तर त्या वक्र कापडाची लांबी सरळ अंतरापेक्षा फक्त साडेतीन सेंटीमीटरने अधिक भरते. संपूर्ण शिडाचे बळ या साडेतीन सेंटीमीटरांत आहे. आता मागची कड जागच्या जागी राहिली असे मानून, शीड शिवणाऱ्याने गृहीत धरले त्यापेक्षा काठी मध्यावर एकच सेंटीमीटर अधिक वाकली, तर खोली ९ वरून ७.६ टक्क्यांवर येते. दोन सेंटीमीटर अधिक वाकली, तर सहा टक्क्यांच्याही खाली जाते आणि शिडाचे पत्र्यात रूपांतर होते. उलट, काठी एक सेंटीमीटर कमी वाकली तर खोली १०.३ टक्के आणि दोन सेंटीमीटर कमी वाकली तर ११.४ टक्के होते. प्रत्यक्षात मागची कडही थोडी पुढे सरकते, त्यामुळे आकडे इतके तीव्र राहत नाहीत, पण दिशा हीच असते.

आपल्याकडे नेमके हेच झाले आहे. जुने शीड मऊ काठीच्या बाकासाठी बेतलेले होते, ताठ काठी तेवढी वाकत नाही, त्यामुळे कमानीतले कापड पोटातच राहते आणि डाउनहॉल (लफ खाली ताणणारी दोरी) कितीही ओढला तरी ते बाहेर निघत नाही. नऊ वर्षांत कापड सैल होऊन पोट मागे सरकले असेल, तो दोष त्यात मिसळलेला आहे. पण काठी बदलताच तक्रार सुरू झाली, यावरून मोठा वाटा काठीचाच आहे असे मी म्हणेन. याची खात्री पाण्यावरच करता येते. १२ नॉटच्या वाऱ्यात वाऱ्याच्या तोंडावर चढत असताना कोणाला तरी बूमच्या मध्याखाली ट्रॅम्पोलिनवर झोपवून सरळ वर पाहणारे छायाचित्र घ्यायला सांगावे. शिडावर आडव्या रंगीत पट्ट्या नसतील तर पाव, अर्ध्या आणि पाऊण उंचीवर चिकटपट्टी लावून घ्यावी. त्या पट्ट्यांच्या दोन टोकांना जोडणारी रेघ ओढून खोली आणि तिची जागा मोजली की काय झाले आहे ते डोळ्यांना दिसते. खोली ११ टक्क्यांच्या आसपास आणि तिची जागा मध्याच्या पुढेच असेल तर कापड अजून धड आहे, फक्त माप चुकले आहे. अशा वेळी थोड्या पैशांत लफ पुन्हा कापून घेतली तर हे शीड सरावासाठी आणखी दोन हंगाम सहज चालेल. पोट मध्याच्या मागे गेले असेल तर त्यावर खर्च करू नये.

डोलकाठी मोजण्याची रीत सोपी आहे आणि तिला एक दुपार पुरते. डायमंड तारा, म्हणजे काठीला दोन्ही बाजूंनी ताठ धरणाऱ्या तारा, सोडून काठी दोन घोड्यांवर आडवी ठेवावी, लफ ज्या खाचेत सरकते ती खाच वरच्या बाजूला यावी, आणि आधार अगदी बुडाशी व शीड जिथे अडकते त्या टोकाशी द्यावेत. बुडापासून टोकापर्यंत खाचेवरून बारीक दोरा ताणून पाव, अर्ध्या आणि पाऊण लांबीवर अंतर मोजावे. मग बरोबर मध्यावर २० किलोचे वजन टांगून पुन्हा तीच तीन मापे घ्यावीत. पाण्याचा कॅन चालतो, फक्त तो डब्यासकट तोलून घ्यावा. तीन आकड्यांमधला फरक काठी किती ताठ आहे हे सांगतो, आणि त्यांचे आपसातले प्रमाण ती वर मऊ आहे की खाली, हे सांगतो. काठी एका कुशीवर फिरवून आडव्या दिशेनेही हीच मापे घ्यावीत. त्यानंतर काठी उभी करून, आपण शर्यतीत डायमंड तारांना जेवढा ताण देता तेवढा देऊन, स्प्रेडरमुळे, म्हणजे या तारा काठीपासून दूर धरणाऱ्या आडव्या दांड्यांमुळे, आलेला आगाऊ बाक खाचेवरून मोजावा. ही सात-आठ मापे ज्या शीड शिवणाऱ्याला निरुपयोगी वाटतात त्याच्याकडून शीड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत मी पुस्तकातून आणलेले नाही. माझ्या दुसऱ्या ए-क्लाससाठी मी एका शीड कारखान्याकडून त्या वर्षी जिंकणाऱ्या आकाराची हुबेहूब प्रत मागवली आणि काठीबद्दल त्यांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. माझी काठी मऊ होती. पहिल्याच दिवशी १० नॉटमध्ये काठीच्या मध्यापासून क्लूपर्यंत, म्हणजे शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, तिरक्या सुरकुत्या उभ्या राहिल्या. काठी लफच्या कमानीपेक्षा अधिक वाकल्याची ही नेहमीची खूण आहे. मी संपूर्ण हंगाम डायमंड तारा आणि बॅटन (शिडात आडव्या बसवलेल्या लवचीक पट्ट्या) बदलत बसलो. शेवटी लफवर कापड जोडून घ्यावे लागले, आणि कापलेले शीड कमी करणे सोपे असते, वाढवणे कुरूप असते, हे तेव्हा कळले. आपल्या बाबतीत काठी ताठ आहे म्हणजे चूक निदान सुधारण्याजोग्या दिशेची आहे.

एक सावधगिरी सांगतो. ए-क्लासची काठी फिरती असते आणि आगाऊ बाक काठीच्या स्वतःच्या पुढच्या दिशेत असतो. काठी अधिक फिरवली की त्या बाकाचा काही भाग आडव्या दिशेला वळतो आणि शीड थोडे भरते. कमी फिरवली की तोच बाक शीड सपाट करतो. म्हणून शीड शिवणाऱ्याला बाकाचे आकडे देताना आपण चढत्या मार्गावर काठी साधारण किती फिरवून ठेवता, हेही सांगावे.

आता आपल्या वजनाकडे वळू. ९२ किलो हे ए-क्लाससाठी जड आहे आणि जड माणसाला भरलेले, रुंद माथ्याचे शीड हवे, असे आपल्याला दोघांनी सांगितले आहे. ते अर्धे खरे आहे. वाऱ्याकडचा हल नुकताच पाण्यातून सुटला आहे अशा क्षणी नौकेला सरळ ठेवणारे बळ मोजले तर असे दिसते: नौकेचे ७५ किलो वजन खालच्या हलपासून साधारण १ मीटरवर काम करते, आणि ट्रॅपीझवर (माणसाला नौकेबाहेर लटकू देणाऱ्या तारेवर) पूर्ण बाहेर गेलेल्या माणसाचे वजन साधारण ३.१ मीटरवर. ७५ किलोच्या माणसासाठी बेरीज सुमारे ३०७ किलो-मीटर येते, आपल्यासाठी सुमारे ३६०. म्हणजे आपण १७ टक्के अधिक बळ पेलू शकता. ऐकायला हे पुष्कळ वाटते; पण शिडावरचे बळ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे १७ टक्के बळ म्हणजे वाऱ्याच्या वेगात फक्त आठ टक्के. हलका माणूस साडेचौदा नॉटच्या भासमान वाऱ्यात, म्हणजे चालत्या नौकेवर जाणवणाऱ्या वाऱ्यात, पूर्ण ताकदीला पोहोचत असेल, तर आपण पावणेसोळाला पोहोचता. फरक सव्वा नॉटचा आहे. सव्वा नॉटसाठी शीड वेगळ्या जातीचे मागवावे लागत नाही. मध्यावर अर्धा ते पाऊण टक्का अधिक खोली पुरते.

त्याची दुसरी बाजू हलक्या वाऱ्यात दिसते. तिथे आपले जादा वजन फक्त पाण्यात बसते: नौका आणि माणूस मिळून १५० किलोऐवजी १६७ किलो, म्हणजे ११ टक्के अधिक. सात नॉटच्या आत, ट्रॅपीझवर जाण्याआधी, आपल्याला खरोखर अधिक बळाची गरज असते. ती गरज मी कायमच्या खोल शिडाने भागवणार नाही. डाउनहॉल सैल सोडून, काठी अधिक फिरवून आणि खालच्या दोन-तीन बॅटनांचा ताण थोडा वाढवून भागवीन. जे पोट हव्या त्या वेळी काढून घेता येते तेच उपयोगाचे.

माथ्याच्या रुंदीचा विचार याच हिशेबात बसवावा. रुंद माथ्याची कीर्ती अकारण नाही. सिडनीच्याच बंदरात झालेल्या २००० सालच्या ऑलिंपिकनंतर टॉर्नेडो या कॅटमरान वर्गाने निमुळते शीड सोडून रुंद माथा घेतला, आणि त्यानंतर निमुळत्या माथ्याची शर्यतीची कॅटमरान जुनाट दिसू लागली. वरचा वारा अधिक जोरकस असतो. पाण्यापासून २ मीटरवर आणि ९ मीटरवर वेगात १५-२० टक्क्यांचा फरक सहज आढळतो. निमुळत्या टोकाशी डोलकाठीच्या जाडीमागे उरलेले हातभर कापड फारसे काम करत नाही, तेच रुंद केले की कामाला लागते. तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते: झोत आला की रुंद माथा मागच्या कडेला आपोआप उघडतो, जादा बळ वरून सांडते, आणि झोत गेला की पुन्हा मिटतो. हे घडण्यासाठी वरची काठी मऊ असावी लागते आणि डाउनहॉलने तिचे टोक मागे वाकावे लागते. आपली काठी ताठ आहे. ताठ काठीवर फार रुंद माथा लावला तर तो उघडत नाही, वरच्या वर बळ धरून ठेवतो आणि नौका झोपवतो.

किंमतही आकड्यांत पाहता येते. खालून, पाण्यापासून दीड मीटरवरून, ०.३ चौरस मीटर कापड काढून ते ८ मीटरवर नेले, तर शिडाच्या बळाचा मध्य सुमारे १४ सेंटीमीटर वर जातो. पाण्याखालच्या डॅगरबोर्डपासून (नौकेचे आडवे घसरणे रोखणाऱ्या फळीपासून) या मध्यापर्यंतचे अंतर ५ मीटरच्या आसपास असते, म्हणजे नौका झोपवणारी तरफ जवळजवळ तीन टक्क्यांनी लांबते. आपण वजनाने मिळवलेल्या १७ टक्क्यांतले तीन इथे खर्च होतात. हलक्या वाऱ्यात आणि वारा मागून घेऊन एका हलवर धावताना, ज्याला सगळे ‘वाइल्ड थिंग’ म्हणतात त्या प्रकारात, हा खर्च भरून निघतो. बॉटनी बेतल्या दुपारच्या ईशान्येच्या समुद्री वाऱ्यात, तो १५ ते २० नॉटपर्यंत चढला असताना, निघत नाही. आपण दक्षिण किनाऱ्यावरून उतरता असे लिहिले आहे. त्या वाऱ्यात संपूर्ण खाडी ओलांडून आलेली आखूड, उभी लाट तिथे येऊन आदळते, नौका नाकावर डोलते, आणि वर जितके अधिक कापड तितके ते डोलणे वाढते. लेक मक्वारीसारख्या अधिक शांत पाण्यात आपण मुख्यतः शर्यती केल्या असत्या तर मी माथा आणखी एक पायरी रुंद सुचवला असता.

अरुंद माथ्याचे उंच शीड हे आपल्यासाठी कधीच नव्हते. ते हलक्या माणसाचे आणि गुळगुळीत पाण्याचे शीड आहे, आणि त्यासाठी काठीही उंच लागते. आपली काठी तयार आहे, तिची उंची बदलणार नाही.

डेकस्वीपरचा मोह मात्र समजण्यासारखा आहे. शिडाच्या वरून आणि खालून हवा दाबाच्या बाजूकडून ओढीच्या बाजूकडे निसटते आणि त्यातून नौकेला मागे खेचणारा विरोध वाढतो. खालची फट ट्रॅम्पोलिनने बंद केली तर खालचे निसटणे बरेच थांबते आणि शीड आहे त्याहून उंच असल्यासारखे वागते. शिवाय कापड खाली आल्याने बळाचा मध्य उतरतो. पंखांवर उडणाऱ्या नौकांमध्ये, जिथे वेग मोठा आणि भासमान वारा सतत पुढून असतो, तिथे या शिडाने बाजी मारली आहे यात शंका नाही. पण या लाभाला एक अट आहे: फट खरोखर बंद झाली पाहिजे. चार बोटांची फट राहिली तरी लाभाचा मोठा भाग वाहून जातो, आणि जुन्या, सैल पडलेल्या ट्रॅम्पोलिनवर ती राहतेच. दुसरे, बूमखालून पलीकडे जाण्याची जागा फक्त मागच्या कोपऱ्यात आणि तीही अगदी कमी उरते. ९२ किलोच्या, सहा फुटांच्या माणसाने प्रत्येक वळणावर नौकेच्या मागच्या टोकाकडे सरपटत जायचे म्हणजे मागचे टोक बुडते आणि वेग मरतो. तिसरे, शिडाखालून पलीकडचे दिसत नाही, आणि शर्यतीतल्या गर्दीच्या पहिल्या वळणखुणेपाशी ती भीती खरी आहे. न उडणाऱ्या नौकांच्या विभागात असे शीड चालते का, हे आपल्या ताफ्याच्या चालू नियमांत पाहून घ्यावे. पण चालत असले तरी मी आपल्याला ते सुचवणार नाही.

तेव्हा मागणी करताना मी पुढीलप्रमाणे लिहिले असते. लफची कमान माझ्या मोजलेल्या काठीसाठी, आणि १६ नॉटमध्ये पूर्ण डाउनहॉलवर शीड जवळजवळ सपाट व्हावे अशी. मध्यावर साधारण साडेनऊ टक्के खोली, पोटाचा सर्वांत खोल भाग लफपासून ४० ते ४२ टक्क्यांवर, वर जाताना खोली कमी होत जाणारी. लफजवळचा प्रवेश किंचित गोल. कारण आखूड लाटेत नौका सतत वर-खाली होते, वाऱ्याचा कोन बदलत राहतो, आणि धारदार प्रवेशाचे शीड अशा वेळी क्षणाक्षणाला फडफडते. वाऱ्याच्या तोंडावर चढताना वरच्या आणि खालच्या भासमान वाऱ्याच्या दिशेत थोड्याच अंशांचा फरक पडतो. म्हणून एका हलच्या डिंगीवरून येणाऱ्या शीड शिवणाऱ्याने सवयीने शिडाला खालून वर अधिक पीळ दिला असेल तर तो कमी करून घ्यावा. माथ्याची रुंदी त्याच्या नेहमीच्या दोन नमुन्यांच्या मधली.

बॅटनांवर लोक पुरेसे पैसे खर्च करत नाहीत, आणि मग चांगल्या शिडाला बदनाम करतात. बॅटनचा पुढचा तिसरा हिस्सा मऊ असेल तर पोट पुढे बसते, एकसारख्या जाडीची बॅटन पोट मध्यावर ढकलते. आपल्या जुन्या बॅटन नव्या शिडात घालू नयेत. नऊ वर्षांत त्यांतल्या दोन-तीन नक्कीच थकलेल्या असतील, आणि डाव्या-उजव्या बाजूला वेगळा आकार येण्याचे कारण अनेकदा एखादी पीळ बसलेली बॅटन असते. माथ्याची तिरकी बॅटन मात्र शीड शिवणाऱ्याने दिलेलीच ठेवावी. ती ताठ असावी, कारण रुंद माथ्याचा कोपरा तिच्याच आधारावर उभा राहतो.

कापडाबद्दल फार लिहीत नाही. फिल्म आणि धाग्यांचे थर चिकटवलेले कापड डेक्रॉनपेक्षा, म्हणजे विणलेल्या पॉलिएस्टर कापडापेक्षा, आकार अधिक घट्ट धरते आणि शर्यतीसाठी तेच घ्यावे. न्यू साउथ वेल्सच्या उन्हात शीड उभे करून गप्पा मारत बसलात तर ते कोणतेही असो लवकर मरेल. बॅटनांचा ताण सोडून, घडी न घालता गुंडाळून ठेवले तर बरेच टिकेल. किनाऱ्यावर तासभर फडफडलेले शीड एका शर्यतीपेक्षा अधिक झिजते.

पैसे देण्याआधी एक गोष्ट लेखी ठरवून घ्यावी: तीन-चार वेळा पाण्यावर नेल्यानंतर लफ एकदा पुन्हा कापून देण्याचा खर्च किमतीतच धरलेला असावा. पहिल्या दोन वेळी शीड आपला आकार घेत असते, तेव्हा काहीही बदलू नये. तिसऱ्या वेळी ८ नॉट आणि १५ नॉट अशा दोन्ही वाऱ्यांत बूमखालून छायाचित्रे घ्यावीत, डाउनहॉल कुठे होता आणि काठी किती फिरवली होती ते प्रत्येकावर लिहावे. क्लूकडे जाणाऱ्या तिरक्या सुरकुत्या दिसल्या तर कापायला देण्याआधी स्प्रेडर थोडे पुढे आणून आगाऊ बाक अर्ध्या सेंटीमीटरने कमी करून पाहावा. ताठ काठीवर तेवढ्याने बहुधा भागते. उलट १५ नॉटमध्ये पूर्ण डाउनहॉलवरही मध्यावर नऊ टक्के खोली उरत असेल, तर आधी स्प्रेडर मागे नेऊन बाक वाढवावा, आणि तोही पुरला नाही तरच छायाचित्रांसह शीड परत पाठवून मध्यावर एक सेंटीमीटर कमान उतरवून घ्यावी, दोन्ही टोकांकडे ती शून्यावर विरत जाईल अशा बेताने.